मार्केट ठरवेल म्हणे

घरच्या ग्रुपवर दादाने मेसेज टाकला : 'आप्पा गावातलं किराणा दुकान बंद करतायत. बरंच झालं. तालुक्याला मॉल आहे, मोबाइलवर काय वाट्टेल ते मागवता येतं. दहा रुपये जादा मोजून शिळी बिस्किटं कोण घेणार?' खाली अंगठ्यांची रांग. पुण्यातल्या भाच्याने तर 'मार्केट ठरवेल' असा निकालच देऊन टाकला. हाच मुलगा सुट्टीत आप्पांच्या बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या माझ्या वडिलांच्या खात्यावर खायचा.

मी राहते इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये. गावात एक चर्च, एक पब, आठवड्यातून दोनदा येणारी बस आणि एक दुकान. दुकान गावाच्या मालकीचं आहे. जुना मालक थकला, विकत घ्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा लोकांनी शेअर काढले. एक पगारी मॅनेजर, बाकी गल्ल्यावर आम्हीच पाळीपाळीने. कुणी दहा पौंड घातले असोत की हजार, मत एकच. ब्रिटनमध्ये अशी शेकडो दुकानं आहेत. त्यांना कागदपत्रांपासून हिशेबापर्यंत मदत करणारी प्लंकेट नावाची संस्था आहे, सर होरेस प्लंकेट यांनी १९१९ साली सुरू केलेली.

आणि इथलं सरकार, ज्याला भाचा उठता-बसता भांडवलशाहीचं माहेर म्हणतो, तेही सगळं मार्केटवर सोडून बसलेलं नाही. इंग्लंडमध्ये तीन हजारांहून कमी वस्तीच्या गावात एकच किराणा दुकान किंवा एकच पोस्ट उरलं असेल आणि जागेचं करपात्र मूल्य ८,५०० पौंडांच्या आत असेल, तर त्याला बिझनेस रेट्स, म्हणजे धंद्याच्या जागेवरचा कर, पूर्ण माफ होतात. १९९४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरहून मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात. छोट्यांना हे बंधन नाही. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. (महिन्याचं सामान आमच्या गावातले झाडून सगळे आल्डी या सुपरमार्केटातून आणतात आणि मीही आणते, हे लिहिलं नाही. दादाला आयतं कोलीत कशाला द्या?)

दादा गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याने इथल्या पोस्टाच्या होरायझन या कॉम्प्युटर प्रणालीची बातमी चिकटवली. कॉम्प्युटरच्या चुकीच्या हिशेबावरून गावोगावच्या नऊशेहून जास्त पोस्टवाल्यांना चोर ठरवलं, काहींना तुरुंगात धाडलं आणि शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. 'हे तुमचं गावावरचं प्रेम,' दादाने लिहिलं. बातमी खरीच आहे. पण त्या लोकांवर विश्वास ठेवला नाही तो लंडनच्या ऑफिसाने. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी कित्येक गावांत शेवटपर्यंत ठेवला. माझ्या मते ही बातमी माझ्याच बाजूची आहे.

आप्पांच्या दुकानात मॉलसारखं काही नाही, कबूल. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं. हळद मागितली की रद्दीचा चौकोन तळव्यावर पसरायचा, त्यावर हळद, चार घड्या, दोऱ्याचे दोन फेरे आणि झटका देऊन दोरा तोडायचा. हे करताना नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर. कारण पुडी बांधता बांधता आप्पांचा अंदाज चालू असतो : हिच्या घरात कोण आजारी आहे, उसाचं बिल आलं का, अजून थांबावं लागेल का. कारखान्याने बिल लांबवलं की आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं त्यांच्या उधारीच्या लाल कापडी वहीवर जेवतात. दहा रुपये जादा आहेत ते त्याचे. मॉल सहा महिने थांबत नाही. २०१९ च्या ऑगस्टात वारणेचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा कुठल्या ॲपचा पोरगा मोटारसायकल घेऊन आला होता, ते दादाने सांगावं. तेव्हा वहिनीनेच मला फोनवर सांगितलेलं, तांदूळ आणि काडेपेट्या आप्पांकडून आणल्या म्हणून.

वर ही कल्पना मी विलायतेतून आणलीय असंही नाही. वारणानगरला तात्यासाहेब कोरेंनी साखर कारखाना काढला, दूध संघ काढला आणि खेड्यातल्या बाईला शहरासारखं दुकान मिळावं म्हणून सहकारी वारणा बाजारही उभा केला. आमच्या घरापासून ते किती लांब आहे? आई लग्नाचा बस्ता तिथून आणायची. घरच्यांना मात्र श्रॉपशरचं सांगितलं तरच ऐकू येतं, आणि सांगितलं की शिष्टपणा होतो.

मग दादाने लिहिलं, 'तुला दुकान पाहिजे ते सुट्टीत येऊन फोटो काढायला.'

हे लागलं. गावात मला कशासाठी काय पाहिजे, हे विचारण्याचा हक्क दादाला आहे असं तो धरूनच चालतो. वडील गेल्यावर मी हक्कसोडीवर सही केली. बहिणी करतातच, मला कुणी जबरदस्ती केली नाही, आणि दादाने साडीही चांगली घेतली. पण तेव्हापासून त्या गावात माझ्या नावावर टाचणीसुद्धा नाही. ग्रामपंचायतीच्या यादीत मी नाही, रेशनकार्डावर नाही, घराची किल्ली वहिनीकडे. आप्पांच्या वहीत तेवढं वडिलांच्या पानावर 'धाकटी, परदेशी' असं अजून लिहिलेलं आहे. उलट जिथे माझं आडनाव कुणाला नीट उच्चारता येत नाही, त्या श्रॉपशरच्या दुकानात दहा पौंडांत मला मत आहे. वार्षिक सभेत ब्रेड कुणाकडून घ्यायचा यावर मी तावातावाने बोलते आणि लोक ऐकून घेतात. माहेरी बांधावरच्या आंब्याबद्दलही मला कुणी विचारलेलं नाही.

मग मी ग्रुपवर सरळ मांडलं. आप्पांचा गाळा, फळ्या, काटा, सगळं गावाने शेअर काढून घ्यावं. शेअर बाईच्या नावावरही निघावा, सासरी गेलेल्या मुलीच्याही. पहिला माझा धरा. उधारीला मर्यादा घाला, शिळी बिस्किटं फेकून द्या, आप्पांना दोन वर्षं पगारावर ठेवा, म्हणजे वही कशी वाचायची ते कुणाला तरी शिकवतील.

भाच्याने हसणारा चेहरा टाकला. दादाने वाचलंय, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर नाही. वहिनीने मात्र ग्रुपवर न लिहिता मला एकटीला विचारलं, 'शेअर केवढ्याचा ठेवायचा म्हणताय, ताई?'