घर वाचवायचंय? मग वेळेवर गरीब व्हा

न्यू जर्सीत तुमचं घर आहे, कर्ज फिटलेलं आहे, वय सत्तरीच्या पुढे आहे आणि आपल्यामागे हे घर मुलांना मिळावं एवढीच तुमची इच्छा आहे. इच्छा रास्त आहे. ती पुरी व्हायची तर मात्र काही पथ्यं पाळावी लागतात, आणि पहिलं पथ्य आजार निवडण्याचं.

शक्यतो हृदयविकार घ्या. बायपास, स्टेंट, पेसमेकर, आयसीयू, यातलं बहुतेक सगळं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, उचलतं आणि नंतर घरावर हक्क सांगायला कोणी येत नाही. कॅन्सरही चालेल. डिमेन्शियाच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. त्यात ऑपरेशन नसतं. कोणीतरी रोज आंघोळ घालायची, घास भरवायचा, रात्री दोन वाजता ‘मला दादरला जायचंय’ म्हणून निघालेल्या माणसाला दारातून परत आणायचं, एवढंच असतं. याला मेडिकेअर उपचार मानत नाही. तीन दिवस हॉस्पिटलात काढून नर्सिंग होममध्ये गेलात आणि नर्सची किंवा थेरपीची खरीच गरज असली, तर जास्तीत जास्त १०० दिवस मिळतात. त्यातले पहिले २० फुकट, पुढच्या ८० दिवसांसाठी रोजचे दोनशेहून जास्त डॉलर तुमचे. १०१ व्या दिवसापासून सगळंच तुमचं, म्हणजे वर्षाला लाख डॉलरच्या पुढे. तेव्हा विसरायचंच असेल तर शंभर दिवसांत काय ते विसरून घ्या.

एवढे पैसे कोणाकडे नसतात, म्हणून मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना, आहे. लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांनीच नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली, ज्याच्या जोरावर आपले पहिले डॉक्टर-इंजिनियर इथे आले. बोलावलंही त्यांनीच आणि म्हातारपणाची सोयही त्यांनीच केली. त्या सोयीचं बिल आपल्यामागे घरावर लावायची सक्ती झाली १९९३ साली, क्लिंटन यांच्या काळात. पंचावन्नच्या पुढच्या माणसावर दीर्घकालीन देखभालीसाठी मेडिकेडने केलेला खर्च प्रत्येक राज्याने त्याच्या मृत्यूनंतर वसूल करायचाच, असा केंद्राचा कायदा आहे. १९९३ साली आपली मंडळी पंचेचाळीस-पन्नाशीची होती, एडिसनच्या ओक ट्री रोडवर पटेलांची दुकानं वाढताना बघत होती. पंचावन्न त्यांना लांब वाटत होतं.

मेडिकेड मिळवायचं तर गरीब व्हावं लागतं. एकट्या माणसाच्या नावावर दोन हजार डॉलर चालतात. एक गाडी, लग्नाची अंगठी आणि अंत्यविधीची थोडी तजवीज वगळतात. पुण्यातला फ्लॅट, डोंबिवलीतल्या बँकेतली एफडी, ‘ते इंडियातलं आहे, त्याचं काय एवढं’, हे सगळं फॉर्मच्या त्याच रकान्यात येतं. गरीब होणं सोपं वाटत असेल तर तसं नाही. हौसेने गरीब होता येत नाही. मागच्या पाच वर्षांत तुम्ही कोणाला काय दिलंत ते तपासतात. याला लुकबॅक म्हणतात. आधी तो तीन वर्षांचा होता, २००६ साली सही झालेल्या कायद्याने पाच वर्षांचा झाला.

म्हणजे साठ महिन्यांची बँक स्टेटमेंट. काउंटीच्या कचेरीतली बाई चष्मा नाकावर ओढून एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवते. १,००१ डॉलरचा चेक. हा कोणाला? भाच्याच्या मुंजीला. मुंज म्हणजे काय ते तुम्ही सांगता, ती ऐकून घेते आणि विचारते, हजार समजले, हा वरचा एक डॉलर कशाचा? मग ५०१ येतो, २५१ येतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेले ५,००१ येतात. वरच्या प्रत्येक एकामुळे तिची शंका वाढते. देवळाला दिलेलेही दानच आणि दान म्हणजे मालमत्ता बाहेर काढणं, त्यामुळे तेही मोजायचं. तेव्हा मंडळी, उदार व्हायचं असेल तर पंच्याहत्तरीच्या आत व्हा. नातीच्या लग्नात पाटल्या घालायच्या असतील तर तिला आत्ताच लग्न करायला सांगा.

इथे एखादा सीए जावई म्हणेल, ‘बाबा, २०२५ साली माणशी १९,००० डॉलरपर्यंतच्या गिफ्टवर टॅक्स रिटर्नसुद्धा भरावं लागत नाही, बिनधास्त द्या.’ जावयाचं म्हणणं बरोबर आहे. ते आयआरएसचं, म्हणजे करखात्याचं झालं. मेडिकेडला आयआरएसची माया चालत नाही. तिथे दिलेल्या रकमेला राज्यातल्या नर्सिंग होमच्या रोजच्या सरासरी खर्चाने भागतात आणि जितके दिवस येतील तितके दिवस तुम्हाला मदत बंद. हे दिवस पैसे दिल्यापासून मोजत असतील असं कोणालाही वाटेल. नाही. तुम्ही नर्सिंग होममध्ये पडलात, खात्यात दोन हजारांच्या आत उरले, बाकी सगळ्या अटींत बसलात, की मग मोजायला घेतात. खिशात दमडी नाही याची पूर्ण खात्री झाल्यावरच दंड सुरू करायचा, असा हा शिस्तीचा कारभार आहे.

आता घर. घाबरू नका, घर सहसा मोजत नाहीत. एका मर्यादेपर्यंतच्या किमतीचं राहतं घर वगळतात, मात्र तुमचा परत जायचा मानस हवा. फॉर्मवर तसं लिहावं लागतं. स्वतःच्या मुलाला ‘आपण कोण?’ असं विचारणाऱ्या माणसालाही घरी परतायचा मानस असतो, आणि तो असावाच. हा मानस मान्य होतो तोवर हे घर मालमत्ता नाही. डोळे मिटलेत की ते पुन्हा मालमत्ता होतं आणि राज्याचं पत्र येतं. तेरावं उरकून मुलं पत्र उघडतात. आत वसुलीचा आकडा असतो. न्यू जर्सीत त्या आकड्यात मेडिकेडने विमा कंपनीला तुमच्या नावाने दरमहा भरलेले हप्तेसुद्धा येतात, मग तुम्ही त्या महिन्यात डॉक्टरचं तोंड पाहिलं असो वा नसो. तब्येत सांभाळून सरकारचे पैसे वाचवले, असं समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वसुली टाळायचे कायदेशीर मार्ग आहेत, आणि मला विचाराल तर ते सगळे संस्कारी आहेत. जोडीदार हयात असेपर्यंत राज्य वसुली करत नाही. तेव्हा वटपौर्णिमेला काय मागायचं ते आता दोघांनी मिळून ठरवा. एकवीस वर्षांखालचं मूल असेल तरी राज्य थांबतं. अंध किंवा अपंग मूल असेल तर त्याला वयाची अट नाही. ऐंशीव्या वर्षी घरात विशीच्या आतलं मूल हवं असेल तर साठीत हालचाल करायला हवी होती.

सर्वांत हृद्य सवलत श्रावणबाळाची. आई किंवा वडील नर्सिंग होममध्ये जाण्याआधी किमान दोन वर्षं जे मूल त्यांच्याच घरात राहिलं आणि ज्याने सेवा केल्यामुळे नर्सिंग होम लांबलं, त्याच्या नावावर घर दंडाशिवाय करता येतं. एकत्र कुटुंबाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्थान आहे हे आपल्याकडच्या व्याख्यात्यांना कोणीतरी कळवा. फक्त कावड पुरत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवर तोच पत्ता लागतो, डॉक्टरचं पत्र लागतं, दोन वर्षांचे पुरावे लागतात. तीन तास गाडी चालवून दर शनिवारी डबे घेऊन येणारी, आईचे केस धुऊन देणारी, रविवारी रात्री रडत परत जाणारी मुलगी यात बसत नाही. तिने नोकरी सोडून तिथेच राहायला हवं होतं. तसं केलं असतं तर तिचं स्वतःचं घर गेलं असतं, पण तो वेगळा फॉर्म आहे.

नुकतेच ग्रीन कार्डवर आलेले, मुलाच्या घरी खालच्या मजल्यावर राहणारे आई-बाबा एका बाबतीत सुखी. नावावर काहीच नाही, तर घेणार काय? मुलाच्या घराला हात लागत नाही. पण गृहप्रवेशाच्या भरात ‘बाबा, तुमचंही नाव डीडवर घालतो’, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, म्हणणाऱ्या मातृपितृभक्तांनी जरा थांबावं. न्यू जर्सीत संयुक्त नावावरचा हिस्साही वसुलीला पात्र धरतात.

मग वकील. वकील तुम्हाला बदलता न येणारा ट्रस्ट करून देईल. घर त्यात टाकायचं आणि पाच वर्षं ठणठणीत राहायचं. याला हवेत फीचे पैसे, दूरदृष्टी आणि आयुष्य. ज्याच्याकडे तिन्ही आहेत त्याचं घर वाचतं. ज्याच्याकडे घराखेरीज काहीच नाही, त्याचं जातं. ‘गरिबांसाठीची योजना श्रीमंतांनी लुबाडू नये म्हणून’ असं या नियमांचं कारण सांगतात, ते मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

हा सल्ला देणंसुद्धा एकेकाळी जोखमीचं होतं. १९९६ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मेडिकेडसाठी मालमत्ता वाटून टाकणाऱ्या म्हाताऱ्यांनाच गुन्हेगार ठरवलं. आजीला तुरुंगात कसं टाकायचं म्हणून ओरड झाली, तेव्हा १९९७ साली आजीला सोडून तिच्या वकिलाला धरलं. पैसे घेऊन असा सल्ला देणं हा गुन्हा. १९९८ साली खुद्द अॅटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी हा कायदा घटनेत बसत नाही, आम्ही तो बजावणार नाही, असं कळवलं. मी फुकट देतोय, तेव्हा मला तसाही धोका नव्हता.

एक मार्ग राज्य बदलण्याचा. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून वसुली प्रोबेटमधून, म्हणजे कोर्टामार्फत होणाऱ्या वारसावाटपातून, जाणाऱ्या मालमत्तेपुरती ठेवली आहे. टेक्सासमध्ये एक खास डीड चालतं. जिवंतपणी घर तुमचं, मेल्यावर प्रोबेटला बगल देऊन थेट मुलांचं. त्याला म्हणतात ‘लेडी बर्ड डीड’. लेडी बर्ड म्हणजे श्रीमती जॉन्सन. नवऱ्याने योजना काढली, बायकोच्या नावाने पळवाट आहे. असा संसार हवा.

एवढं करून सरकारला मिळतं किती? २०१९ साली सगळ्या राज्यांनी मिळून सुमारे ७३ कोटी डॉलर वसूल केले. त्याच वर्षी मेडिकेडचा खर्च सहाशे अब्जांच्या वर होता. वेस्ट व्हर्जिनियाने तर आम्हाला ही वसुली नको म्हणून केंद्रावर खटलाच भरला होता, आणि ते २००२ साली हरले. मॅकपॅक या काँग्रेसच्याच सल्लागार आयोगाने २०२१ साली सुचवलं की सक्ती काढा, राज्यांना ठरवू द्या. सक्ती अजून आहे. हजारातला एखादा डॉलर परत येतो, तो वरच्या एकासारखा शकुनाचा समजायचा.

शेवटी दोन हजारांच्या आत यायला खर्च कशावर करायचा, हा प्रश्न उरतो. मुलांना दिलेलं चालत नाही, देवाला दिलेलं चालत नाही. वकिलाची फी चालते. छप्पर दुरुस्त केलेलं चालतं, ते पुढे राज्यालाच उपयोगी पडतं. आणि स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे फ्युनरल होमला आगाऊ भरलेले चालतात, अट एवढीच की ते परत मागता येता कामा नयेत. ते आजच भरून टाका. पावती मुलीकडे द्या. साठ महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ठेवलीत तर ऐनवेळी सापडायची नाही.