तीन अंड्यांचे तारे

श्टुटगार्टच्या परिसरात नाताळच्या बिस्किटांना ‘गुट्सले’ म्हणतात आणि डिसेंबर उजाडला की भेटणारी प्रत्येक बाई हवापाण्याची चौकशी सोडून ‘यंदा किती प्रकार?’ असे विचारू लागते. चकली झाली, शेव झाली, करंज्याही झाल्या, पण अनारसे केले नाहीत म्हणून दिवाळीत जसा घराण्याच्या अब्रूला बट्टा लागतो, तसे येथे डब्यात ‘त्सिम्टश्टेर्न’, म्हणजे दालचिनीचे तारे, नसले की पाहणाऱ्यांच्या माना सहानुभूतीने हलतात. हा तारा दिसायला अगदी निरुपद्रवी असतो. तपकिरी अंग, सहा टोके आणि वर पांढराशुभ्र लेप. मात्र तो ज्याने प्रथम घडवला, त्याच्या मनात लाटणे हाती धरणाऱ्या समस्त मनुष्यजातीविषयी आकस असला पाहिजे, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे.

कृती ऐकायला सोपी आहे. तीन अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेटावा, त्यात 250 ग्रॅम पिठीसाखर घालावी, वरच्या लेपासाठी थोडे बाजूला काढावे आणि उरलेल्यात 400 ग्रॅमच्या आसपास बदामाची पूड व दालचिनी मिसळावी. मैदा नाही. जर्मनीच्या खाद्यपदार्थविषयक मार्गदर्शक तत्त्वांत या ताऱ्यांमध्ये पिठाला 10 टक्क्यांपर्यंत मुभा दिलेली आहे. पण आमच्या शेजारच्या आजींच्या मते ती मुभा म्हणजे बेकरीवाल्यांसाठी ठेवलेली पळवाट आहे. आता, पोळीच्या कणकेला एकसंध धरून ठेवणारे ग्लूटेन गव्हात असते, बदामात ते औषधालाही नसते. त्यामुळे हा गोळा स्वतःला सोडून बाकी सर्वांना चिकटतो: लाटण्याला, ओट्याला, बोटातल्या अंगठीला आणि मधेच फोन उचलावा लागला तर फोनलाही.

दालचिनीच्या बाबतीत तरी माझी बाजू भक्कम होती. स्वस्त कॅसिया दालचिनीतले कूमारिन यकृताला अपायकारक ठरू शकते, यावरून 2006 साली जर्मनीत ऐन नाताळाच्या तोंडावर या ताऱ्यांवरच संक्रांत आली होती, आणि तेव्हापासून आजी दालचिनीचे पाकीट उलटेसुलटे करून त्यावरचा देश वाचतात. आईने दापोलीहून पाठवलेली पातळ सालीची, नाजूक सुरळ्यांची दालचिनी त्यांनी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि ‘हं’ म्हणाल्या. श्वाबेन, म्हणजे या परिसरातल्या, माणसाकडून याहून मोठी प्रशस्ती मिळत नाही.

खरी परीक्षा लेपाची. आधी सगळ्या पोळीवर लेप पसरून मग तारे कापावेत, तर उरलेल्या कडांना तो लेप लागलेला असतो आणि त्या पुन्हा मळल्या की गोळा आणखी सैल होतो. म्हणून आधी तारे कापून मग एकेकाला रंगवायचे. साचा दर खेपेस पाण्यात बुडवायचा, तारा हलकेच झटकून ट्रेवर उतरवायचा (पाच टोके उतरतात, सहावे साच्यातच मुक्काम करते), मग लेपाचा थेंब मध्यभागी ठेवून दातकोरणीने प्रत्येक टोकापर्यंत ओढत न्यायचा, पण कडेवरून ओघळू द्यायचा नाही. मध्यभागी भरपूर आणि टोकाशी काहीच नाही, ही विकासाची नेहमीची तऱ्हा येथेही आढळते. भाजतानाही लेप पांढराच राहिला पाहिजे. ओव्हन 150 अंशांच्या पुढे गेला की त्यावर पिवळसर झाक येते आणि ताऱ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते.

अशा अवस्थेत, निम्मे तारे उघडे असताना, लेप संपला आणि पिठीसाखरही संपली. वार अर्थातच रविवार होता, कारण नाताळापूर्वीचे चारही रविवार येथे बेकिंगसाठीच असतात आणि रविवारी येथील दुकाने बंद असतात. पेट्रोल पंपावर चॉकलेटे मिळतात, पिठीसाखर मिळेलच असे नाही. मी माळ्यावरून पुण्याहून आणलेला मिक्सर काढला आणि साखर दळायला घेतली. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षित राहील, असे जर्मनीच्या 1919 च्या राज्यघटनेत लिहिलेले आहे आणि ते कलम आजही जसेच्या तसे लागू आहे. मात्र ते लिहिणाऱ्यांनी साडेसातशे वॉटचा भारतीय मिक्सर ऐकलेला नव्हता.

दोनच मिनिटांत आजी दारात उभ्या राहिल्या. घटनेचे कलम ऐकवतील या भीतीने मी तोंड उघडणार, तोच त्या थेट ओट्यापाशी गेल्या, त्यांनी तारे निरखले, एका ताऱ्याचे विवस्त्र टोक चाखले आणि गंभीरपणे विचारले, “आणि बलक? बलकांचे तुम्ही काय केलेत?”

तीन बलक वाटीत बसून माझ्याकडे पाहत होते. श्वाबेनची काटकसर साऱ्या जर्मनीत थट्टेचा विषय असली, तरी आजींच्या दृष्टीने ती थट्टा नव्हे. बलक टाकायचे नसतात. बलकांची व्हॅनिलाची चंद्रकोर होते, म्हणजे त्या आकाराची बिस्किटे. त्या कोरींसाठी लोणी लागते, आणखी बदाम लागतात आणि पुन्हा पिठीसाखर लागते, कारण त्या ओव्हनमधून निघताच साखरेत घोळवायच्या असतात: फार गरम असताना धरल्या तर मोडतात, थंड होऊ दिल्या तर साखर चिकटत नाही. आजींनी ही सर्व माहिती देऊन मिक्सरकडे बोट दाखवले आणि तो पुन्हा सुरू करण्याची अनुमती दिली.

चंद्रकोरींच्या कृतीत मात्र दोनच बलक लागतात. राहिलेला एक बलक साध्या लोण्याच्या बिस्किटांवर ब्रशने फिरवतात, त्याने छान तकाकी येते, असे आजी म्हणाल्या आणि त्या बिस्किटांचे साचे आणायला खाली गेल्या.