हे कोणी केलं?

घरात येणाऱ्या प्राणिजन्य मालाचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिला आपण पैसे मोजून आणतो. रेशीम म्हणजे अळीची लाळ, पण तिची पैठणी झाली की मलमलीत गुंडाळून कपाटात जाते. मध म्हणजे माश्यांनी पोटातल्या पिशवीतून आणून एकमेकींच्या तोंडात ओतलेला ऐवज. तो आपण बोटाने चाटतो. जुन्या सागवानी कपाटावरचं चपड्याचं पॉलिश तर लाखेच्या किड्यांच्या अंगातून पाझरलेली राळ आहे. दुसरा वर्ग फुकट आणि घरपोच येतो. ओट्यावर, फोटोच्या फ्रेममागे, तांदळाच्या डब्याच्या आडोशाला. या दुसऱ्या मालाबद्दल घरोघरी सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न विचारला जातो.

उत्तरही ठरलेलं असतं. काळं आणि बारीक असेल तर "पाल असेल", जरा मोठं असेल तर "उंदीर असेल", आणि पांढरं असेल तर वरच्या मजल्यावरच्यांकडे संशयाने बघितलं जातं. एवढ्या पुराव्यावर खटला उभा राहतो आणि शिक्षा म्हणून स्वयंपाकघरभर स्प्रे फवारला जातो. माझी तक्रार आहे ती या घाईबद्दल. लेंडी नीट बघा म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण झुरळाचं औषध उंदराला चालत नाही आणि उंदराच्या पिंजऱ्यात वाळवी शिरत नाही, इतकं तरी त्यांनी मान्य करावं. टॉर्च, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, टाचणी आणि पांढरा कागद एवढं भांडवल पुरतं. पट्टी नंतर मुलांच्या कंपासपेटीत परत ठेवू नये.

पालीचं काम सगळ्यात स्वच्छ, म्हणजे ओळखायला. काळपट तपकिरी कांडी, ५ ते १० मिलिमीटरची, आणि एका टोकाला चिकटलेला पांढरा कण. तो पांढरा कण ही तिची लघवी. पाणी खर्च करायच्या बाबतीत पाल महाकंजूष. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन ती युरिक आम्लाच्या घट्ट रूपात बाहेर टाकते. पक्षीही तेच करतात, म्हणून कबुतराचा डागही पांढरा. कांडीला पांढरं टोक दिसलं की उंदीर निर्दोष सुटला.

हा ऐवज ओला असताना फडकं फिरवलंत तर डिस्टेंपरवर तपकिरी फराटा उमटतो आणि पुढच्या रंगकामापर्यंत पाहुण्यांचं स्वागत करतो. वाळू द्यावा, जाड कागदाच्या कडेने अलगद उचलावा. उरलेल्या पांढऱ्या डागावर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजवलेला कापूस दोन मिनिटं धरावा. युरिक आम्ल साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही, सोड्याच्या पाण्यात जरा बरं विरघळतं. लिंबू आणि व्हिनेगर इथे कुचकामी, आणि ओट्यावर तर घातकच. कडप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हे सगळे चुनखडकाच्या गोतातले. त्यांच्यावर आम्ल पडलं की चकाकी जाते. पालीचा डाग निघतो आणि आपला कायमचा राहतो.

पाल घालवण्यासाठी अंड्याची टरफलं टांगायचा उपाय अजून जोरात आहे. अंडं बघून पालीने का घाबरावं, हे मला उमगलेलं नाही. ती स्वतःच घालते. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे किंवा भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीला जेमतेम सेंटिमीटरभराची, कडक कवचाची दोन पांढरी अंडी सापडली तर ती तिचीच. त्यापेक्षा लख्ख पांढऱ्या दिव्याच्या जागी पिवळसर दिवा लावावा. किडे कमी येतात, मग पालही दुसरीकडे जेवायला जाते.

उंदराच्या लेंडीला पांढरं टोक नसतं. घरातल्या लहान उंदराची ३ ते ६ मिलिमीटर, दोन्हीकडे निमुळती. माळ्यावरच्या मोठ्या उंदराची साधारण १२. त्याहून मोठी, बोथट टोकांची आणि २० कडे झुकणारी दिसली तर गटारातला उंदीर किंवा घूस समजावी, आणि तळमजल्यावरच्यांनी आधी मोरीची जाळी तपासावी. एकच लहान उंदीर दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो, तेव्हा डब्यामागची रास बघून तिथे संमेलन भरलं असावं असं मानायचं कारण नाही. ताजी लेंडी चकचकीत आणि मऊ, जुनी करडी आणि ठिसूळ. खात्री करायची तर सगळ्या उचलाव्यात आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा बघावी. काहीच नवीन नसेल तर तुम्ही मागच्या दिवाळीच्या साफसफाईतला आळस बघत होतात.

आता टाचणी. कौलारू घरात, जुन्या वाड्यात किंवा माळ्यावर उंदराच्या लेंडीसारखंच काही सापडलं तर ते वाळल्यावर कागदावर घेऊन टाचणीने दाबावं. भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार कण दिसले तर वर लहान वटवाघळं आहेत. उंदराची लेंडी अशी चमकत नाही. आणि कपाटामागून उग्र, कस्तुरीसारखा पण नकोसा दर्प येत असेल, रात्री भिंतीकडेने चिकचिकाट ऐकू येत असेल, तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नव्हेच. पिशव्या कुरतडत नाही, तांदूळ खात नाही, झुरळं मात्र खाते. पिंजऱ्यात सापडलीच तर दूर नेऊन सोडा, मारू नका, असं मी सांगतो. माझं कोणी ऐकत नाही, कारण तिच्या वासाची बाजू जास्त भक्कम असते.

उंदराचा माल झाडूने कधीही झाडू नये. सुकी धूळ उडते आणि थेट नाकात जाते. शिवाय लेंडी असेल तिथे लघवीही असते, ती डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात आपण लेप्टोचं नाव ऐकतो ते तिच्याच कृपेने. हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण शिंपडून ५ मिनिटं थांबावं, मग कागदाने टिपून घ्यावं.

पिंजऱ्याच्या बाबतीत दोन्ही उंदरांचे स्वभाव वेगळे. लहान उंदीर चौकस असतो. नवीन वस्तू दिसली की पहिल्याच रात्री बघायला येतो. मोठा उंदीर संशयी. काल नव्हता तो पिंजरा आज कुठून आला, याचा तो काही दिवस विचार करतो. म्हणून त्याच्यासाठी पिंजरा तीन-चार रात्री नुसता उघडा ठेवावा, आत भजं किंवा खोबऱ्याचा तुकडा ठेवून. त्याला फुकट जेवायची सवय लागली की मग दार लावायची तयारी करावी. पिंजरा भिंतीला चिकटवून ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच फिरतो. खोलीच्या मधोमध ठेवला तर त्याला आपलीच ठेच लागते. भोकं बुजवायची तर पेन्सिल शिरेल तेवढं भोक लहान उंदराला पुरतं हे ध्यानात ठेवून. आत स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट लावावं. बोळे आणि कागद तो घरट्यासाठी घेऊन जातो.

झुरळाची खूण दोन प्रकारची. एक, काळ्या मिऱ्याच्या भरडीएवढे कण बिजागऱ्यांपाशी आणि मिक्सरखाली. दुसरी जास्त महत्त्वाची: ८ मिलिमीटरची तपकिरी डबी, एका कडेला दातेरी शिवण असलेली, कपाटाच्या कोपऱ्यात घट्ट चिकटवलेली. तिच्यात मोठ्या झुरळाची १४ ते १६ अंडी असतात आणि स्प्रे तिच्या आत पोचत नाही. आज फवारणी, उद्या उलटी पडलेली झुरळं, परवा विजयोत्सव आणि दीड-दोन महिन्यांनी पुढची पिढी हजर, हे चक्र त्या डबीमुळे चालतं. डबी कागदात धरून चिरडावी. फ्रिजच्या मोटरपाशी राहणारी लहान फिकट झुरळं आणखी हुशार. त्यांची मादी ३० ते ४० अंड्यांची डबी फुटायची वेळ येईपर्यंत पोटाला लावूनच फिरते.

यावर जेल चांगलं, पण ते बिजागरीत आणि फटीत मोहरीएवढ्या ठिपक्यांनी लावायचं. लोक टूथपेस्टसारखी रेघ ओढतात आणि मग "जास्त सुरक्षित" म्हणून तिच्यावर स्प्रे मारतात. स्प्रेच्या वासाने झुरळ जेलकडे फिरकतच नाही. जेल खाल्लेलं झुरळ मरतं, त्याची विष्ठा आणि त्याचं प्रेत दुसरं खातं, तेही मरतं. त्यांच्या घाणेरड्या सवयी आपल्या पथ्यावर पडतात, पण त्यासाठी ओटा आठवडाभर फिनेलने पुसण्याचा मोह आवरावा लागतो, आणि तो कोणालाच आवरत नाही.

लाकडाखाली सापडणाऱ्या भुकटीवरून घराघरांत गैरसमज आहेत. सगळ्या भुकटीला वाळवी म्हणतात. टाल्कम पावडरइतकी मऊ पूड आणि लाकडाला १ ते २ मिलिमीटरची गोल भोकं असतील तर ते लाकूड पोखरणारे भुंगेरे. बांबू आणि हलकं पांढरं लाकूड त्यांना प्रिय, कारण त्यात पिष्ट असतं. पूड खसखशीसारखी दाणेदार असेल आणि भिंगाखाली प्रत्येक दाणा षटकोनी दिसला तर ती सुक्या लाकडातली वाळवी, आणि ते दाणे म्हणजे तिची विष्ठा. जमिनीतून येणारी नेहमीची वाळवी मात्र पूड पाडत नाही, मातीच्या नळ्या बांधत चढते. नळीचा दोन इंच भाग खरवडून दोन-तीन दिवस थांबावं. डागडुजी झाली असेल तर आत वस्ती चालू आहे. मग नळीवर रॉकेल ओतून समाधान मानू नये. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडणारा माणूस बोलवावा.

आणि आता माझा आवडता गुन्हेगार. बाथरूमच्या भिंतीवर, पंख्याच्या रॉडजवळ, भोपळ्याच्या बीसारखी चपटी करडी पिशवी दिसते. सिमेंटचा पोपडा समजून लोक सोडून देतात. थोडा वेळ बघत राहिलं तर पोपडा चालायला लागतो. एका पतंगाची अळी आत राहते. रेशमाच्या धाग्यात धूळ, वाळूचे कण, केस गुंफून तिने हे घर शिवलेलं असतं, ८ ते १४ मिलिमीटर लांब. दोन्ही तोंडं उघडी. एका तोंडाने बाहेर डोकावते, टाचणीने टोचलंत तर आतल्या आत वळून दुसऱ्या तोंडाने बाहेर येते. एक बीएचकेमध्ये दोन दरवाजे तिलाच परवडतात. तिचं मुख्य अन्न जुनी कोळिष्टकं, मेलेले किडे आणि लोकर. तिच्यावर औषध मारण्यात अर्थ नाही. जळमटं काढा, एक्झॉस्ट फॅन चालवून ओल कमी करा, म्हणजे तिची शिधापत्रिका रद्द होते.

तांदळातल्या सोंड्यांबद्दल थोडक्यात. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक लिंपते, म्हणजे किडा बाहेरून आलेला नसतो, तुम्ही विकतच आणलेला असतो. तांदूळ आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरावा. रव्याला जाळी धरली असेल तर चाळून वापरायची काटकसर करू नये. ती जाळी म्हणजे अळीचं रेशीम, पण त्याची पैठणी होत नाही.

बाहेरून येणाऱ्यांत मोठ्या वटवाघळांचा हिशेब सोपा आहे. अंगणात बदामाचं झाड किंवा जांभूळ असेल तर सकाळी गाडीवर चघळून टाकलेले चोथे, बिया आणि भिंतीवर जांभळे ओघळ. फळं संपेपर्यंत गाडी दुसरीकडे लावावी, एवढाच उपाय.

कबुतरांचं प्रकरण राजकीय आहे. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येक गॅलरीत त्याची छोटी आवृत्ती चालू असते. एसीच्या बाहेरच्या डब्यावर चार काड्या आणि दोन अंडी दिसली की घरात दोन पक्ष पडतात. अंडी काढू नयेत असं ज्येष्ठ म्हणाले तर १७ ते १९ दिवस उबवणं आणि पिल्लं उडेपर्यंत आणखी चार-पाच आठवडे, एवढा काळ ती गॅलरी कबुतराची. तोवर साचलेली विष्ठा सुकी खरवडू नये, तिच्या धुळीने फुप्फुसांना कायमचा त्रास होऊ शकतो. मास्क लावावा, पाणी मारून लगदा करावा, मग पत्र्याने काढून पिशवीत बांधावा. त्यानंतर जाळी. कबुतरासाठी ५० मिलिमीटरची पुरते, चिमण्यांनाही अडवायचं असेल तर १९ ची. जाळीवाला वरची बाजू ताणून बसवतो, खालचा कोपरा सैल सोडतो आणि पैसे घेऊन जातो. कबूतर नेमकं त्या कोपऱ्यातून आत येतं आणि मग त्याला बाहेर जाता येत नाही. ते आत फडफडतं, जोडीदार बाहेरून घुमतो, आणि समोरच्या गॅलरीतल्या काकू विचारतात, "अहो, जाळी कोणाकडून बसवलीत? आम्हालाही बसवायचीय."