‘आधी गणित करा, मग लिहा’ म्हणणाऱ्या वाचकांना

पेडण्याहून लिहिणारे वाचक, नमस्कार.

जनुकीय भार म्हणजे सर्वोत्तम जीवाच्या तुलनेत समूहाची तगण्याची नि संततीची सरासरी क्षमता जितकी उणी, तो फरक. त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’, ‘इकडून तिकडून उचललेलं’ ही रत्नं वगळली तर तिचा निम्मा मजकूर जातो. पण एक चूक कबूल. निवडीने ३०० पिढ्यांमागे एका जनुकाची बदली (सगळ्या समूहात जुन्या रूपाची जागा नवं रूप घेतं), हा जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनचा अंदाज १९५७चा. मी १९३७ लिहिलं. त्याचा १९३७चा निबंध उत्परिवर्तनांच्या (जनुकांत अचानक होणाऱ्या बदलांच्या) भाराचा. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य: ‘जनुकांच्या हजारो स्थानांवर नैसर्गिक निवड चालली तर प्रजाती भाराखालीच मरेल, म्हणून रेणूंच्या पातळीवर निवड नसतेच.’ गणित हवं ना? घ्या.

समजा १००० स्थानं, प्रत्येकावर दोन पर्याय, निम्मेनिम्मे. विषमयुग्मजी (आईबापांकडून दोन वेगळे पर्याय मिळालेला) सरस, समयुग्मजी (दोन्ही सारखेच मिळालेला) २ टक्क्यांनी उणा. निम्मे जीव समयुग्मजी, म्हणून प्रत्येक स्थानाचा भार १ टक्का. ०.९९ला हजार वेळा गुणलं की ०.००००४३. म्हणजे सर्वोत्तम जीवाला सरासरीच्या सुमारे २३ हजार पट संतती हवी. तुम्ही इथवर आलात आणि विजयाचे फटाके लावलेत.

पण हा सर्वोत्तम जीव हजारच्या हजार स्थानांवर विषमयुग्मजी हवा. हजार वेळा नाणं उडवून हजारही वेळा छाप! प्रत्यक्षात अशी स्थानं सरासरी ५००, प्रमाण विचलन (सरासरीपासून सर्वसाधारण फरक) १६च्या आसपास. ५४७च्या पुढे हजारात एखादाच जातो, आणि ४७ जादा स्थानांचा त्याचा फायदा साधारण अडीच पट. स्थानं ४००० केली तरी तशाच जीवाचा फायदा सात पटीच्या आत राहतो, कारण विचलन वर्गमुळाच्या चालीने वाढतं. बांगड्याची मादी हजारो अंडी सोडते. त्यातली बहुतेक एरवीही मरणारच. कोणती मरावीत, तेवढंच निवडीने ठरवायचं.

१९६७ मध्ये स्वेड, रीड आणि बॉडमर यांनी, आणि वेगळे किंग नि मिल्कमन यांनी, हाच रस्ता दाखवला: सगळ्या स्थानांची बेरीज करून तळचे जीव गळले, तर एकाच मृत्यूत अनेक स्थानांची निवड उरकते. रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल निवडीने नव्हे, योगायोगाने टिकतात, हा तटस्थ सिद्धांत मांडताना किमुराने १९६८ मध्ये भाराचा आधार घेतला, हे खरं. पण त्या सिद्धांताला दुसरे भक्कम आधार आहेत: प्रथिनातलं अमिनो आम्ल न बदलणारे डीएनएतले फरक जलद साचतात, निकामी झालेल्या जनुकांतही तसंच. तेव्हा भाराचं हत्यार खाली ठेवा.

जोडलेल्या जनुकांचा आणि लोकसंख्येच्या आकाराचा मुद्दा मूळ लेखात आहे. नीट वाचला असतात तर दिसला असता. पदवीच्या वर्गांना १८ वर्षं हेच शिकवतो आहे, तेव्हा ‘उचललेलं’ हा शब्द मागे घ्यावा, ही अपेक्षा आहे. आणि पुढच्या वेळी आकडेमोडही सोबत पाठवा.