खेळ-नाटक बंद केलं की मार्क वाढतात?

सहामाही झाली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो : ‘नववी-दहावीच्या मुलांचे खेळ, नाटक, गॅदरिंग बंद करा. वेळ जातो, मार्क घसरतात, हे पैसेवाल्यांचे चोचले आणि पुढे उपयोग शून्य.’ सावंतवाडीपासून गुहागरपर्यंत लोक त्याला अंगठे देतात. एकेक मुद्दा घेऊ.

वेळ जातो. जातोच. पण कबड्डीचा तास वाचला की तो बीजगणिताला मिळतो, हे कोणी सांगितलं? तो मोबाइलला जातो. शिवाय ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं घाम काढणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, एसटी, क्लास, परत एसटी. यात ती कुठे बसवायची?

मार्क घसरतात. दहावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं. २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. भजन, नमन, जाखडी, दशावतार या लोककला याच दोन जिल्ह्यांत गावोगावी चालतात. त्यामुळे पोरं पास होतात असं मी म्हणणार नाही. पण नाचगाण्याने निकाल बुडायचाच असता, तर सगळ्यात आधी इथे बुडाला असता.

दशावतारी नाटकच घ्या. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, संवाद उभ्या उभ्या रचायचे. घरात मालवणीत ‘खंय जातंस?’ बोलणारा नववीतला पोरगा नारद झाला की त्याला ‘महाराज, आपण चिंताक्रांत का?’ असं सुरू करावं लागतं. समोरचा राजा भलतीकडे वाहवला, तर पखवाजवाला हात रोखून बसलेला असताना त्याला कथेवर परत आणायचं कामही नारदाचंच. मराठीच्या पेपरातल्या निबंधाला याहून चांगला सराव मला माहीत नाही. आणि मार्कांचंच म्हणाल तर खेळ, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण मंडळच देतं!

पैसेवाल्यांचे चोचले. फी भरून चालणाऱ्या शहरी क्लासांबद्दल बोला. इथे पेटी-पखवाज देवळात, भजन शिकवणारे बुवा गावातलेच, कबड्डीला चुन्याच्या चार रेघा. उलट शाळेतलं बंद केलं, तर ज्याच्या बापाला क्लास परवडतो त्याचं चालूच राहील. थांबेल ते काजूच्या फॅक्टरीत जाणाऱ्या आईच्या मुलीचं.

उपयोग शून्य. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. सगळ्यांना ते मिळणार नाही, हे उघड आहे. पण शून्य नव्हे.

एक गोष्ट मात्र मेसेज सांगत नाही आणि ती खरी आहे : जागरण. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, पहाटेपर्यंत चालते, शिमगा कधी कधी ऐन परीक्षेत येतो. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला होती, दहावीचे पेपर १७ पर्यंत. तेव्हा जानेवारीनंतर रात्रीची बारी नको, संध्याकाळचा तास राहू दे. तालीम साडेआठला उरका म्हणून सांगितलं, तर बुवा ऐकतात. त्यांचीही नातवंडं दहावीला असतात.