अविभाज्य प्रजासत्ताक आणि शोकोलातीन

२०२६ च्या जानेवारीपासून फ्रान्सचं नागरिकत्व मागणाऱ्याला एक जादा परीक्षा द्यावी लागते. ४० प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला ३२ उत्तरं बरोबर हवीत. फ्रेंच भाषेचा दाखला वेगळा, मुलाखत वेगळी, आणि कागदपत्रांचं तर विचारूच नका. माझा अकोल्याचा जन्मदाखला शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून फ्रेंचमध्ये करून घेतला. त्याची फी बघता पुन्हा जन्म घेणं स्वस्त पडलं असतं.

तरी अभ्यासाला बसलो तेव्हा मी खुशीत होतो. सगळं आपल्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या वळणाचं. निळा-पांढरा-लाल झेंडा, एक राष्ट्रगीत, स्वातंत्र्य-समता-बंधुता हे ब्रीद (ते तर आपल्या उद्देशिकेतच घोकलेलं), आणि प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली मारियान नावाची टोपीवाली बाई, जिचा अर्धपुतळा इथल्या नगरपालिकांमध्ये दिसतो. रिकाम्या जागा भरण्यात अख्खं बालपण घालवलेल्या माणसाला अजून काय हवं? अडचण एवढीच झाली की आम्ही राहतो तुलूझला, आणि आमच्या शेजारी एक आजोबा राहतात.

तुलूझ म्हणजे दक्षिणेकडचं, गुलाबी विटांचं, विमानं बनवणारं शहर. त्या विमानांच्या मागोमाग आमच्यासारखे बरेच जण इथे येऊन पडलेत. आजोबा निवृत्त मास्तर, हयातभर इतिहास-भूगोल शिकवलेला. आम्हा नवरा-बायकोला शिकवायला ते आनंदाने तयार झाले. मोबदला म्हणून कांदेपोहे, बिनमिरचीचे.

पहिला प्रश्न मीच वाचला : १४ जुलैचा राष्ट्रीय सण कशाची आठवण म्हणून?

"१७८९, बास्तीच्या म्हणजे बॅस्टिलच्या तुरुंगाचा पाडाव," मी बाक वाजवावा तसं उत्तर दिलं.

"प्रश्नच चुकीचा आहे," आजोबा म्हणाले.

आणि सुरू झाले. सणाचा कायदा झाला १८८० मध्ये. त्यात तारीख आहे, साल नाही. कुणाला १७८९ चा रक्तपात साजरा करणं पसंत नव्हतं, त्यांच्यासाठी १७९० च्या १४ जुलैचा राष्ट्रीय एकोप्याचा सोहळा होता. ज्याने त्याने आपापलं साल मनात धरावं, अशी ती सोय. "शिवाय त्या दिवशी बास्तीत कैदी किती होते ठाऊक आहे? सात!"

पोहे निवत चालले होते. मी विचारलं, "मग पर्याय 'अ' लिहू की 'ब'?"

"'अ' लिहा," आजोबा म्हणाले. "पण मनातून निषेध नोंदवा."

पुढे प्रत्येक धडा याच चालीवर गेला. राष्ट्रगीत घ्या. १७९२ साली लिहिलं गेलं स्ट्रासबुर्गमध्ये, नाव लागलं मार्सेयचं, कारण तिथले स्वयंसैनिक ते गात पॅरिसात शिरले. शत्रूच्या अशुद्ध रक्ताने आमच्या शेतातल्या सऱ्या भिजू देत, असं त्यात म्हटलंय. वऱ्हाडातल्या माणसाला सरीला पाणी कधी मिळेल याचीच चिंता, रक्ताचं कुठून सुचणार! १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य विभक्त झाले, पण सुट्ट्यांची वाटणी राहूनच गेली. येशूच्या स्वर्गारोहणाला सरकारी कचेऱ्या आजही बंद असतात. मारियानचा तर चेहराही एक नाही. ब्रिजित बार्दो, कॅथरिन दनव अशा नट्यांच्या तोंडवळ्यावरून तिचे पुतळे घडवलेत.

"म्हणजे प्रजासत्ताक दिसायला सुंदरच असावं लागतं का?" बायकोने विचारलं. आजोबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. असं त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलेलं नाही.

इथे सांगायला हवं, माझी बायको सदाशिव पेठेतली. तिला फ्रान्समध्ये काहीही शिकावं लागलं नाही. दुपारी दुकानं बंद? बरोबरच आहे, माणसाने जेवायचं कधी? गिऱ्हाईक बोललं की आधी त्याचं व्याकरण तपासायचं? मग काय, तसंच सोडायचं? मी मात्र इथल्या दुकानात पाऊल टाकताना अजूनही घसा खाकरून घेतो.

कारण खरी परीक्षा रोज सकाळी पावाच्या दुकानात असते. सुरुवातीला मी आत शिरून हिशेबी विनंती करायचो, "एक बागेत द्या." (बागेत म्हणजे तो काठीसारखा लांब फ्रेंच पाव.) मावशी माझ्याकडे बघून गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "बोंजूर, मस्य." पाव नाही. मी पुन्हा विनंती. त्या पुन्हा, जरा सावकाश, "बों-जूर." मागची अख्खी रांग ठार गप्प. आधी नमस्कार, मग पाव, मग आभार, मग दिवस चांगला जावो, आणि त्यावर 'तुमचाही' : यातली एक पायरी गाळली तर तुमचं शिक्षण काढलं जातं, तेही न बोलता. एवढं जमलं की दुसरा पेपर. साधा बागेत की 'त्रादिसिओं'? हा दुसरा १९९३ च्या सरकारी फर्मानाने बांधलेला : पीठ, पाणी, मीठ आणि खमीर हेच मुख्य, वरून रसायनं घालायची नाहीत, बर्फात गोठवायचा नाही. आणि भाजणी कशी हवी, कमी की जास्त? माझ्यापुढच्या आजीबाई शेल्फातल्या पावांवर बोट फिरवत होत्या. "तो नको, त्याच्या डावीकडचा. नाही, तो फारच गोरा आहे." मुलगी बघायच्या कार्यक्रमातसुद्धा अलीकडे एवढी हिंमत कुणी करत नाही. पाव मिळाला की घरी पोचेपर्यंत त्याचं कुरकुरीत टोक रस्त्यातच मोडून खायचं. हे कुठल्याही फर्मानात नाही, पण न खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने बागेत बनवण्याची कला आणि तिच्याभोवतीची संस्कृती आपल्या यादीत घेतली. माझ्यावर दुकानात जे झालं ते आता जागतिक वारसा आहे.

ऑफिसात निराळीच तऱ्हा. मी आपला डबा उघडून संगणकासमोरच पोळी-भाजी खात बसलो होतो. एक सहकारी आला, थबकला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना?" मग कळलं की कामाच्या जागी माणसांना जेवू देणं इथल्या कामगार कायद्यालाच मंजूर नाही; करोनात तेवढी तात्पुरती सवलत दिली होती. साडेबाराला सगळे उठतात, सुरुवातीचं, मधलं, चीज आणि गोड असं रीतसर जेवतात, आणि जेवताना बोलतात ते संध्याकाळी काय जेवायचं यावर. माझ्या भेंडीच्या भाजीवर तिथे चर्चासत्र झालं. शेवटी डबा माझ्या हाती आला तेव्हा त्यात फोडणीच तेवढी उरली होती.

भाषेचा दाखला मिळवायला मी शिकवणी लावली. बाई उत्तरेकडच्या, उच्चारांना फार जपणाऱ्या. पण माझं फ्रेंच आजोबांकडून आणि पाववाल्या मावशींकडून उचललेलं. तुलूझची माणसं पावाला 'पँ' म्हणत नाहीत, घसघशीत 'पेंग' म्हणतात. शब्दाच्या शेवटचं मुकं अक्षर बाकीचा देश गिळतो, हे मात्र ते चावून चावून उच्चारतात. 'मले-तुले' करत वाढलेल्या माणसाच्या जिभेला हे असं लागलं, जसं माहेर सापडलं. मी "दमेंग" (म्हणजे 'उद्या') म्हटलं की बाई डोळे मिटायच्या. घरी बायकोही मिटायची. पुण्याचे आणि पॅरिसचे डोळे एकाच वेगाने मिटतात, हे माझं स्वतंत्र संशोधन आहे.

आजोबांना हे सांगितलं तर त्यांनी संविधानच उघडलं. कलम १ : फ्रान्स हे अविभाज्य प्रजासत्ताक आहे. कलम २ : प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच. "आणि आपल्या मेट्रोत?" त्यांनी विचारलं. खरंच की! तुलूझच्या मेट्रोत स्टेशनांची नावं आधी फ्रेंचमध्ये पुकारतात आणि मग ओक्सितानमध्ये, म्हणजे इथल्याच ज्या जुन्या भाषेबद्दल आजोबांच्या आजीला शाळेत शिक्षा झाली होती त्या भाषेत. "अविभाज्य!" आजोबा म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

या अविभाज्यतेची खरी कसोटी म्हणजे चॉकलेट भरलेला, पदर सुटलेला तो गोड पाव. पॅरिस त्याला 'पँ ओ शोकोला' म्हणतं, आमचा नैर्ऋत्य भाग 'शोकोलातीन'. वस्तू तीच, चवही तीच. २०१८ मध्ये काही खासदारांनी शेतीविषयक विधेयकात दुरुस्ती सुचवून थेट संसदेत शोकोलातीनची बाजू मांडली. ती फेटाळली गेली. आजोबा हे सांगताना आवाज उतरवतात, घरात कुणी गेल्यासारखा. मी एकदा नवखेपणी तुलूझच्या दुकानात पॅरिसचा शब्द वापरला होता. मावशींनी पाव दिला, पण पिशवी दिली नाही. पिशवीलाही इथे वेगळा शब्द आहे, तोही मी चुकवला होता.

परीक्षा झाली. दोघंही पास. मी पेढे आणायला निघालो, म्हणजे शोकोलातीन, तर बायको म्हणाली, "अहो, थांबा. तो एक प्रश्न होता ना, त्याची शब्दरचनाच मला मान्य नाही."

"अगं, पण तू पास झालीस!"

"म्हणून काय झालं?"

आजोबा भिंतीपलीकडून धावत आले. असं पत्र साधं टाकायचं नसतं, पोचपावतीसकट रजिस्टर करायचं असतं, हे त्यांनी सांगितलं. सध्या दोघं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मसुदा करत आहेत. मजकुरावर एकमत आहे. अडलंय ते शेवटाशी. फ्रेंच सरकारी पत्राच्या शेवटी आपल्या आदरयुक्त भावनांचा स्वीकार करावा, अशी समोरच्याला लांबलचक विनंती करायची असते, आणि या भावनांची प्रतवारी ठरलेली असते. बायकोचं म्हणणं, भांडणाच्या पत्रात भावना कशाला?

"भांडणाच्याच पत्रात तर पाहिजेत," आजोबा म्हणाले, "आणि त्याही अतिउच्च प्रतीच्या."