डिकन्स पाल्हाळिक? आधी हप्ते मोजा

‘डिकन्स फार पाल्हाळ लावतो’ असं म्हणणारे बहुतेक जण त्याचा आठशे पानी ठोकळा एका दमात वाचायला घेतात. मग धाप लागणारच. ती पुस्तकं तशी वाचण्यासाठी लिहिलेलीच नाहीत.

१८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’ ही त्याची कादंबरी मासिक हप्त्यांनी सुरू झाली आणि पुढे गणित ठरून गेलं: महिन्याला ३२ पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. एकूण २० भाग, शेवटचे दोन एकत्र, म्हणजे १९ महिने. तेव्हा नवी तीन खंडी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना पडायची. शेतमजुराची दोन आठवड्यांची मजुरीही त्याला पुरली नसती. अशी कादंबरी विकत घ्यायची ती म्यूडीच्या वाचनालयासारख्यांनी. वाचकाला वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) वर्गणी, एका वेळी एक खंड. एकाच कादंबरीवर तीन वर्गणीदार खूश, मग कादंबरी आटोपशीर कोणाला हवी होती?

महिन्याभराने पात्र आठवायला हवं, म्हणून ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या युराया हीपचे ओलसर हात आणि ‘मी बापडा गरीब’ची टकळी पुन्हा पुन्हा येते. सलग वाचताना तीच कंटाळवाणी होते.

‘ब्लीक हाउस’चा डिसेंबर १८५२चा भाग बघा. रात्री दोघे खोलीत बसलेत. हवेत जळकट वास, खिडकीपाशी हात टेकला तर बोटांना दाट पिवळा चिकट द्रव. बाराच्या ठोक्याला ते खाली जातात, तर म्हातारा क्रूक आपोआप पेटून राख झालेला. भाग तिथेच संपतो! असं घडूच शकत नाही, अशी टीका समीक्षक जी. एच. ल्यूइसने छापली, तर डिकन्सने जानेवारीच्या भागात असल्या शंकेखोर विद्वानांना चिमटे काढले. (शास्त्राच्या बाजूने ल्यूइसच बरोबर होता.) ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपटे हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्यांना यातली गंमत सांगावी लागली नसती.

तेव्हा मूळ भाग कुठे संपतात हे दाखवणारी आवृत्ती घ्या. एका बैठकीला एकच भाग, साधारण तीन-चार प्रकरणं. मग चार दिवस पुस्तक मिटून ठेवा. सुरुवात ‘हार्ड टाइम्स’ने करा. ती साप्ताहिकात आली, जागा तुटपुंजी, त्यामुळे प्रकरणं आखूड.

एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’ला मात्र हे लावू नका. १८४७ची ती कादंबरी हप्त्यांनी आलीच नाही. दोन खंडांत संपली, आणि तिसऱ्यात प्रकाशकाने तिच्या धाकट्या बहिणीची, ॲनची, ‘ॲग्नेस ग्रे’ घातली.